पांढरा गोंद

नव्या पेठेतले ते मिस्त्री मूळचे पेटी-तबलेवाले, पण सोलापुरात व्हायोलिन उघडायचं धाडस त्यांचंच. बोलताना ते माणसाकडे नाही, हातातल्या लाकडाकडे बघतात. बोटानं टकटक करून कान लावतात आणि पटलं तरच "हां" म्हणतात.

माझं व्हायोलिन गुरुजींनी दिलेलं. आतल्या पिवळ्या चिठ्ठीवर इटलीतल्या गावाचं नाव आणि तीनशे वर्षांपूर्वीचं साल. मी ते जरा तोऱ्यातच सांगितलं.

"चिठ्ठी कुनीबी चिकटवतंय की. लाकूड बघू."

वरच्या मऊ लाकडाच्या फळीखाली त्यांनी पातळ सुरी सरकवली. कट्ट! मी घाईनं हात पुढं केला.

"भिऊ नका, सर. फळी चिकटवलेला सरस सुटला. कातड्याचा सरस कच्चाच लावायचा असतो, म्हंजी लाकूड तडकायच्या आधी सांदा सुटतो. जुन्या लोकांची अक्कल हाय ही."

सुरी पुढं सरकली आणि अडली. कुठं अडली ते मला ठाऊक होतं. उन्हाळ्यात तिथला सांधा उकलला, तेव्हा मी घरीच सुतारकामाचा पांढरा गोंद भरला होता. त्यांनी जोर लावला, तसं फळीचंच सालपट निघून आलं.

"हे कुनी केलं?"

"आधीच्या मालकानं," मी म्हणालो.

ते "हां" म्हणाले नाहीत. सालपट तळहातावर घेऊन त्यांनी पहिल्यांदाच मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं.

"त्यास्नी सांगा, परत हात लावू नका म्हनावं."