माझं काम, जाऊबाईंचा अर्ज

ही वही कोणाच्या हाती लागलीच, तर चुकांसाठी आणि वाकड्या अक्षरासाठी माफ करावं. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. या अक्षराच्या लाजेपायीच तो अर्ज मी स्वतः लिहिला नाही.

आमच्या नाचणगावात चरख्याचा वर्ग निघणार होता. शिकवायला एक बाई हवी होती, पगार मिळणार होता. आधी काय काम केलं ते अर्जात लिहायचं होतं. मी दोन वर्षं आमच्या अंगणात सात बायांना कातणं शिकवलं होतं. थोरल्या जाऊबाई सातवी पास. म्हणाल्या, "तू फक्त सांगत जाय."

मी चुलीपुढे बसून सगळं सांगितलं. नव्या बाईचं सूत तुटतं तेव्हा तिचा हात धरून कापसाचा पेळू कसा सोडायला लावते, चरख्याची चाती, म्हणजे सूत गुंडाळणारी लोखंडी काडी, वाकली की पाट्यावर फिरवून कशी सरळ करते. त्यांनी बोट ठेवलं तिथं सही केली. वाचून पाहिलं असतं तर त्यांना वाटलं असतं, माझा विश्वास नाही.

वर्ध्याहून बोलावणं दोघींना आलं. तेव्हा कळलं, त्यांनीही अर्ज केला होता. जोडीनं गेलो. त्यांचं रेल्वेचं भाडंही मीच सुताच्या पैशातून भरलं.

आधी त्यांना आत बोलावलं. साहेब अर्ज वाचत होते ते व्हरांड्यात ऐकू येत होतं. अंगण, सात बाया, पाट्यावरची चाती. जाऊबाईंनी चरख्याला धूळ झटकण्यापलीकडे कधी हात लावला नव्हता.

मग मला बोलावलं. माझ्या अर्जात एकच ओळ होती, सूत कातता येते.

"कोणाला शिकवलंय का, बाई?" साहेबांनी विचारलं.

जाऊबाई दारातच उभ्या होत्या. हो म्हटलं असतं तर थोरली जाऊ परक्या माणसासमोर खोटी ठरली असती. मी मान खाली घालून "नाई" म्हटलं.

परतताना गाडीत त्या म्हणाल्या, "तुले इचारलं तं बोलली काऊन नाई?"

जागा त्यांनाच मिळाली. वर्गातल्या वाकलेल्या चात्या त्या घरी आणायच्या, माझ्यापुढे ठेवायच्या. महिनाभर मी सरळ करून दिल्या. पहिल्या पगाराच्या दिवशी त्यांनी एक चाती आणि भाड्याचे पैसे पाटावर ठेवले. चाती मी तशीच वाकडी परत केली. पैसे उचलले. जाण्याचं आणि येण्याचं, भाडं पुरं होतं.