होडीचा वाटा

आमच्या वाडीतल्या शाळेला श्रेणी द्यायला आलेल्या त्या साहेबाचं तोंड असं, की बघून भरतीसुद्धा मागे फिरावी. पुन्हा ‘क’ मिळाली तर पालक मुलांना इंग्रजी शाळेत घालणार होते. मी, तिथला गुरुजी, कोरा फळा तिसऱ्यांदा पुसत होतो.

चष्मा शर्टाला पुसत त्याने पुस्तकी मराठीत गणित घातलं. चौथीचा वर्ग असा गप्प झाला की तारकर्लीचे मासेही कान टवकारून बसले. त्याने चष्मा पुन्हा पुसला आणि एकदम मालवणीत विचारलं, “गो बाय, होडी घेवन तिघे गेले, बारा बांगडे गावले. एकेकाक किती?”

“तीन!” पहिल्या बाकावरची गरजली.

“चार न्हय?”

“मगे होडयेचो वाटो तुमी खातलास?”

माणसांइतकाच होडीचाही एक वाटा, हे आमच्याकडे रांगतं पोरही जाणतं. साहेब असा हसला की चार कौलं निसटली. मग प्रश्नांचा पाऊस, उत्तरांचा पूर!

निघताना म्हणाला, “गुरुजी, पोरांका सगळा येता. आमीच साहेब होवन इचारतो.”

‘अ’ श्रेणी आली. एकही मूल शाळा सोडून गेलं नाही. भिंतीवर तो ‘अ’ रंगवताना पहिल्या बाकावरची ओरडली, “गुरुजीनु, ह्येतलो होडयेचो वाटो माजो हां!”