गच्चीवरची टाकी

अकोल्याहून फोन आला तेव्हा मी यांचाच शर्ट धूत होते. धरणावरच्या फायबर बोटीचा तळ तडकला होता, तो सांधायला हे केडगावहून पहाटेच्या एसटीनं गेलेले. फोनवरचा माणूस म्हणाला, चहा पिता पिता बसल्या जागी कलले... ते गेलेच. मी "कळलं" म्हटलं आणि शर्ट पिळून वाळत घातला. का घातला, देव जाणे.

आमच्या ह्यांचा जन्म फायबरच्या कामात गेला. काचेच्या धाग्यांचे थर पसरायचे, वर रेझीन फासायचं, पुन्हा थर. त्या काचेचा भुगा कपड्यांत जायचा. हे घरी आले की तासभर न्हाणीतून बाहेर येत नसत, आणि शर्ट धुऊन माझे हात खाजायचे. "कारखाना घरी कशाला आणता?" म्हणून मी रोज भांडायचे. लग्नानंतर काही वर्षांनी यांनी गच्चीवर स्वतःच्या हातची पाण्याची टाकी बसवली. दसऱ्याला तिला झेंडूची माळ घालायचे. माझ्यापेक्षा तिच्याशीच जास्त बोलतात, असं मी चारचौघांत म्हणायचे. हे नुसते हसायचे.

दर उन्हाळ्यात मला वर न्यायचे. खिशातला जुना रुपया काढून टाकीवर ठिकठिकाणी वाजवायचे. "आईक. टणटण वाजलं तर चांगलं हाय. बद्द वाजलं की समजायचं, आत थर सुटल्यात."

"दिसायला तर धडधाकट आहे."

"दिसत न्हाई गं. दिवसा उन्हानं फुगायचं, रातच्याला आकसायचं, वर पान्याचं वजन. एकदम मोडत न्हाई. आतल्या आत सुटत जातं."

स्वतःच्या छातीबद्दल मात्र हा माणूस एक शब्द बोलला नाही. त्याचा मला राग आहे, अजून आहे.

बोटीवाल्यांनी पिशवी पोचवली, तीत हत्यारं होती आणि तो रुपया. परवा तो घेऊन वर गेले. टाकीला हात लावला तर उन्हानं झिजलेल्या थराची पांढरी पूड लागली. सगळीकडे वाजवून पाहिलं, ठीक होतं... तोटीच्या वरच्या बाजूला बद्द वाजलं. पुन्हा वाजवलं, बद्दच. तिथंच बसून मी पोटभर रडले. घरात यांच्या हातचं एवढंच उरलंय.

मुलगा पुण्याहून फोनवर म्हणतो, "आई, प्लॅस्टिकची नवी टाकी बसवून देतो." मी सांगितलं, सध्या गरज नाही. टाकीवर ताडपत्री बांधलीय, आणि वजन नको म्हणून मोटार अर्ध्यावरच बंद करते. पूर्वी भरलेली टाकी संध्याकाळपर्यंत पुरत नसे, यांच्या आंघोळीलाच निम्मी जायची. आता अर्धीच भरते, आणि दुसऱ्या दिवशी वर जाऊन बघते तर तीही उरलेली असते.