डागी दाणे

तिच्या हातचं खाल्लं की जखम भरत नाही, असं गल्लीत बोललं जायचं. तोंडावर कोणी बोलत नसे. तेवढी माणुसकी गल्लीत होती. तिच्याकडून आलेली वाटी शेजारणी हसत घ्यायच्या आणि दार लावून मोरीत उपडी करायच्या.

ती शेंगदाण्याच्या कारखान्यात निवडणारी. पट्ट्यावरून दाणे सरकायचे. त्यातले काळपट, सुरकुतलेले, बुरशी धरलेले ती बोटांनी उडवायची. हे डागी दाणे संध्याकाळी बायकांनी वाटून घरी न्यायचे, अशी तिथली जुनी रीत. मुकादमही काणाडोळा करायचा. ती ते चोळून धुवायची, उन्हात टाकायची, खरपूस भाजायची. वास गेला की दोष गेला, हा तिचा हिशेब. डबा कायम भरलेला, आणि नवरा न् मुलगी येता-जाता मूठ तोंडात टाकायचे. तिला मात्र दिवसभर दाणे बघून एकही घशाखाली उतरत नसे.

"चांगले मालकाला, डागी घरी. मलाही तिनं असंच निवडलंय," असं तिचा नवरा, वेल्डर गडी, चारचौघांत सांगायचा.

मग त्याच्या पोटरीला पत्रा लागला. ओरखडाच तो. पण चिघळला, ताप चढला, इंजेक्शनं झाली, आणि हसता-खेळता माणूस आडवा झाला तो उठलाच नाही. वर्ष सरतंय तोच मुलीच्या अंगावर गळवं. एक बसलं की दुसरं वर. गल्लीला आणखी काय हवं होतं?

नणंद आली. "वहिनी, राग मानू नका. थोडे दिवस पोरगी माझ्याकडे राहू दे."

हिनं पोरीचे कपडे बांधून दिले. वर दाण्यांचा डबा ठेवला. तो नणंदेनं हळूच फळीवर परत ठेवला. तिकडे पोरीची गळवं सुकली, गाल भरले. आनंदानं रडावं की स्वतःचे हात तोडून टाकावेत, आईला कळेना. पोरीला परत आणायची हिंमत होईना.

शेवटी ती दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंपुढे दोन्ही तळवे पसरून म्हणाली, "यांच्यात काय आहे, एवढं सांगा."

बाईंनी हात पाहिलेच नाहीत. घरात काय खाता, ते विचारलं. मग डबा मागवला.

"धुतले होते. भाजलेही होते," ती म्हणाली.

"त्यानं बुरशी जाते. तिचं विष राहतं. डबा टाकून द्या आणि पोरीला घरी आणा."

हातांत काही नव्हतं. विष दाण्यांत होतं. ते रोज पोटात गेल्यानं शरीराची जंतूंशी लढायची ताकद खचते. म्हणून नवऱ्याचा ओरखडा भरला नाही आणि मुलीची गळवं हटली नाहीत. ते दाणे तिनंच भाजून दिले होते.