कार्टून तेच, सोफ्यावर मी एकटा

शोभाताई, गुडघा काय म्हणतोय? नंदूभाऊ, रास अल खैमाच्या धुळीत खोकला कमी झाला का? मी ठणठणीत आहे.

आमची लेक शाळेत होती तेव्हा दर शुक्रवारी शारजातल्या याच घरात ती आणि मी एक विनोदी कार्टून मालिका बघायचो. इंग्रजी मला झेपायचं नाही आणि खाली अरबी अक्षरं पळायची. ती हसली की मी हसायचो.

आता ती कॅनडात आहे. आज तिचा फोन आला. "बाबा, आपलं कार्टून अजून चालू आहे! फोन ठेवू नका, दोघं एकाच वेळी लावू. यल्ला, चला!"

कार्टूनमधला पोरगा अजून शाळेतच आहे. लेकीचे केस मात्र पिकायला लागलेत.

माझ्याकडचं कार्टून तिच्यापेक्षा जरा मागे पडलं. तिचं हसू आधी यायचं, विनोद नंतर. तरी मी तिच्याबरोबरच हसत होतो.

"बाबा, तुमच्याकडे जोक आला तरी का? थांबा, मी माझं मागे घेते."

"राहू दे गं. आपलं पहिल्यापासून असंच आहे."

फोन ठेवल्यावर पुढचा भाग एकट्याने पाहिला. इंग्रजी आता सगळं कळतं. हसू काही आलं नाही.

तुम्ही कोणाच्या हसण्यावर हसायचात? लवकर लिहा, वाट बघतोय.