मावशी मॅटवर बसली तो दिवस

माझ्या धरणगावच्या मावशीइतकं ताठ उभं राहणारं माणूस अख्ख्या खानदेशात दुसरं नसेल. एकेकाळी कबड्डी गाजवलेली आणि पुढे जळगावच्या एका व्यावसायिक महिला संघाची पगारी प्रशिक्षक झालेली ही बाई, राष्ट्रगीत कानावर पडलं की जागच्या जागी खांब व्हायची. शाळेवरून जाताना आतून सूर आले, तर स्कूटर बंद करून भर रस्त्यात उभी. मागचा ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवून थकायचा. एकदा टीव्हीवर राष्ट्रगीत लागलं आणि तव्यावरच्या भाकरीचा कोळसा झाला. काका ओरडले, तर म्हणाली, "देशाकरता एक भाकर गयी, काय व्हयनं?" गायची मात्र इतकी बेसूर, की शेजारी उभा असलेला स्वतःची चाल विसरायचा.

एका वर्षी संघाची मॅट जागोजागी उसवली होती. तिच्या फटीत पाय अडकून एका मुलीचा गुडघा कायमचा गेला. मावशीनं तीनदा तक्रार केली. उत्तरादाखल मालकानं सगळ्यांकडून 'संघाबद्दल बाहेर बोलणार नाही' असं लिहून घेतलं. मावशीनं सही केली नाही.

पुढचा सामना त्याच मॅटवर होता. राष्ट्रगीत झालं, मावशी ताठ आणि बेसूर. शेवटचा 'जय हे' विरला, तशी ती शांतपणे मधल्या रेषेवर गेली आणि मांडी घालून बसली. एकेक करत सातही मुली तिच्या मागे बसल्या. मी प्रेक्षकांतून हे बघत होतो. मॅनेजर धावत आला.

"आत्ता राष्ट्रगीत झालं आणि हा तमाशा? देशाचा अपमान आहे हा!"

मावशी बसल्या जागेवरून म्हणाली, "जन गण मन चालू व्हतं तवय मी उभी व्हतू. तू मोबाईल देखत व्हता."

आधी हशा पिकला, मग टाळ्या थांबेनात. तासाभरात टेम्पोतून दुसऱ्या क्लबची मॅट आली आणि सामना झाला. आठवड्यानं मावशीची नोकरी गेली. मुलींना काढणं मालकाला परवडणारं नव्हतं. संघच उरला नसता.

आता ती एरंडोलच्या एका शाळेत मातीच्या मैदानावर पोरींना शिकवते. परवा भेटलो, तर पहिला प्रश्न, "कालदिनची मॅच देखी का? आपल्या पोरी जितन्या का?"

"जिंकल्या," मी म्हणालो.

ती हसली. मग मैदानाकडे वळली.

"ती उंच पोर चढाईले भलती घाई करस," ती हळूच म्हणाली. "तिले आते कोन सांगी?"