उसनं मांडलेलं घर

पत्रकं मी अकरावीपासून लिहितेय. नळाच्या पाण्यावर लिहिली, कॉलेजच्या फीवर लिहिली, मुलींच्या वसतिगृहातल्या संडासांवर लिहिली. पहिल्या ओळीत माणसाला थांबवायचं, दुसरीत चिडवायचं, तिसरीत काय करायचं ते सांगायचं; एवढंच असतं पत्रक. आणि तरीही माझ्या हातून गेलेलं सर्वांत वाईट पत्रक हे मला सर्वांत जास्त पटलेल्या विषयावरचं होतं.

विषय सांगते. बालगृहात अशी मुलं असतात, ज्यांना भेटायला वर्षानुवर्षं कुणी येत नाही आणि वय वाढल्यामुळे दत्तकही कुणी घेत नाही. अशा मुलाला एखाद्या कुटुंबाने आपल्या घरी ठेवायचं, वाढवायचं, शाळेत घालायचं. मुलाचं नाव त्याचंच राहतं, बालकल्याण समितीचं लक्ष असतं, आणि मुदत संपली की पुन्हा विचार होतो. कागदोपत्री याला प्रतिपालकत्व म्हणतात. मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी आईला हे समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हंजे राबायचं आपण आणि पोर सरकारचं?"

"पोर पोराचं," मी म्हटलं.

"मग ठीक हाय," म्हणाली आणि भाजी फोडणीला टाकली.

पत्रकावर फोटो हवा होता. मी नेटवरून एक उचलला. सोफ्यावर नवराबायको, मध्ये मूल, मागे पुस्तकांचं कपाट, कोपऱ्यात कुंडी. खाली मी लिहिलं, 'आपल्या सुसंस्कृत, सुस्थितीतल्या घराचं दार एका मुलासाठी उघडा.' हे कुणी माझ्याकडून लिहून घेतलं नव्हतं. वर्गणी मागायला आपण ज्या दारात जातो, त्याच दारात मूलही मागायला जायचं, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

म्हणून राजारामपुरीत गेले. दवाखाने, क्लासेस, फ्लॅट. चांगल्या घरांतून पाणी मिळालं, सरबत मिळालं, आणि प्रश्न मिळाले. "मुलगी कुठल्यातली?" म्हणजे जात. "अभ्यासात कशी आहे?" "दिसायला बरी आहे ना?" एका बाईंनी मला थांबवून आतून कपड्यांची पिशवी आणून दिली. मी मूल मागत होते, त्यांनी फ्रॉक दिले. मी ते घेतले आणि "थँक्यू" म्हटलं. त्या थँक्यूची मला अजून लाज वाटते.

एका जोडप्याने मात्र मुलगी नेली होती, ती आमच्या पत्रकाच्या आधीच. नऊ वर्षांची पोरगी. फ्लॅट, लिफ्ट, तिच्यासाठी वेगळी खोली, सगळं होतं. काही महिन्यांनी परत आणून सोडली. कारण काय, तर ती गादीखाली चपात्या लपवून ठेवायची आणि वास यायचा. सांगा की, पोटाची धास्ती एका खोलीने जाते का? पण कागदावर ते कुटुंब उत्तम होतं आणि पोरगी 'जुळवून न घेणारी' ठरली. तो शब्द तिच्या फायलीत गेला. कुटुंबाच्या फायलीत तसा शब्द गेला नाही.

सायकलच्या दुकानावरच्या माडीत आमच्या संघटनेची बसायची खोली होती. तिथं एका सकाळी एक बाई जिना चढून आल्या. पन्नाशीच्या आतल्या, काठापदराचं साधं पातळ, हाताच्या बोटांवर भाजल्याचे काळे ठिपके. माझं पत्रक त्यांनी चार घड्या घालून बटव्यात ठेवलं होतं. ते टेबलावर पसरून त्या म्हणाल्या, "पावणं, ह्यात मी बसतो का न्हाय, तेवढं सांगा. बसत नसलो तर परतीची गाडी गाठतो."

त्या हुपरीच्या. घरोघरी चांदीचे पैंजण बनतात त्या गावच्या. नवरा वारलेला, मूल नाही, घरातच पैंजणांच्या कड्या जोडायचं काम. माहेर सीमेपलीकडचं, कानडी मुलखातलं, म्हणून सगळी गल्ली त्यांना आक्का म्हणायची. मीही तेच म्हणायला लागले. उन्हाळ्याच्या सुट्टीत बालगृहातल्या मोठ्या मुलींना घुंगरं ओवायला शिकवायला त्या महिनाभर जात होत्या. तिथं ती फ्लॅटमधून परत आलेली पोरगी रोज फणी घेऊन यायची आणि काही न बोलता त्यांच्यापुढे पाठ करून बसायची.

"वेणी घालून घ्यायची नि जायची. 'थांब की' म्हटलं तरी थांबायची न्हाय," आक्का म्हणाल्या. "शेवटच्या दिवशी म्हणाली, उद्यापास्नं कोण घालणार? त्यावर मी काय बोलू? घरी आलो, पण कामावर ध्यान लागंना. मग स्टँडवर तुमचा कागद दिसला."

मी म्हटलं, "आक्का, नियमात एकट्या बाईला मनाई नाही."

"नियमात नसंल. पण ह्या फोटूत मी कुठं हाय?"

मी हसले. तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं. त्याऐवजी मी अर्ज काढला आणि सह्यांच्या जागा दाखवल्या.

अर्ज गेला, कागदपत्रं गेली, आणि घर बघायला मॅडम येणार असा निरोप आला. या मॅडम अहवाल लिहिणार, त्यावर समिती ठरवणार. मी आक्कांना फोनवर सांगितलं, "घर नीट ठेवा. मी येते." एवढंच. आमच्याकडे 'घर नीट ठेवा, माणसं बघायला येणार आहेत' याचा एकच अर्थ होतो हे मी, जन्मापासून याच जिल्ह्यात राहणारी, विसरले. पोरगी बघायला पाहुणे यायचे असले की गल्ली उसनं द्यायला धावते. कुणाच्या खुर्च्या, कुणाचे कप, कुणाचा पडदा. माझ्या मोठ्या बहिणीच्या वेळी आमच्या घरात तीन घरांचे कप होते.

त्या दिवशी मॅडम आणि मी आक्कांच्या दारात एकदमच पोचलो. आत पाऊल टाकलं. दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत भला मोठा सोफा, इतका मोठा की दार अर्धंच उघडत होतं. मागे काचेचं कपाट, त्यात शेजारच्या पोराची बारावीची गाईडं. कोपऱ्यात कुंडी. सोफ्याच्या एका टोकाला इस्त्रीचा शर्ट घातलेला एक बाप्या हात मांडीवर ठेवून फोटो काढायला बसल्यासारखा बसलेला. माझं पत्रक गल्लीने समोर ठेवून ओळ न् ओळ पाळलं होतं.

आणि कामाचा पाट, गॅसची ज्योत, चिमटे, ॲसिडची बरणी, यातलं काहीच नव्हतं. चांदीचं घर, आणि चांदीचा एक कण नाही.

मॅडमनी त्या बाप्याकडे बघून विचारलं, "हे कोण?"

शेजारच्या वहिनी दारातून म्हणाल्या, "ते व्हय? ते... पावणं हायत."

"कुणाचे पाहुणे?"

"सगळ्यांचंच की."

मॅडम सोफ्यावर बसल्या आणि वही उघडली. तेवढ्यात वहिनींचे सासरे काठी टेकत आले. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, किंवा सांगून ते विसरले होते. त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाले, "हितं आणलाय व्हय? सकाळधरनं हुडकतोय." मग मॅडमना म्हणाले, "उठा जरा बाई, ती माझी जागा हाय."

आणि मॅडम उठल्या. म्हातारा बसला. बाहेर कुणीतरी फिस्सकन हसलं. आक्का मात्र भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

मॅडम काही वाईट बाई नव्हत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "तुमचं काम कुठं चालतं?"

वहिनींनीच सांगितलं, "आमच्या मागल्या परड्यात नेऊन ठेवलंय सगळं. म्हटलं, तुम्ही म्हणाल पोरीला कामाला जुंपायला नेतीया."

"मी तसं म्हणाले नव्हते," मॅडम म्हणाल्या. "पण आता मला विचार करावा लागेल." वही मिटून त्या निघाल्या.

दारात मी त्यांना गाठलं आणि भांडले. आवाज चढवून भांडले. फ्लॅटवाल्यांनी पोरगी परत आणली तेव्हा त्यांची वही कुठं होती, गरिबाने उसना सोफा आणला तर खोटारडा आणि श्रीमंताने उसनं प्रेम दाखवलं तर सुसंस्कृत का, असं बरंच. पत्रकात शोभेल असं बोलत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ती मुलगी एकदा परत आली आहे. दुसऱ्यांदा आली तर तुम्ही पत्रक काढाल. मला तिच्यासमोर उभं राहावं लागेल." आणि स्कूटी सुरू करून गेल्या.

राग आला होता, पण तो कुणावर काढायचा हे कळेना. त्यांनी तो फोटो पत्रकावर घातला नव्हता. गल्लीनेही नाही. 'सुसंस्कृत, सुस्थितीतल्या' हे शब्द माझे होते, आणि त्या शब्दांनी एका बाईला स्वतःचं घर लपवायला लावलं होतं.

आत गेले तर चौघं मिळून सोफा बाहेर काढत होते, म्हातारा अजून त्यावर बसलेला. आक्का मला म्हणाल्या, "झालं न्हवं तुझं भाषण? आता मॅडमना कागद लिही. माझ्या तोंडचं लिही, तुझं नको."

परड्यातून आणलेल्या पाटावर बसूनच त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. दोन खोल्या आहेत. सोफा शेजाऱ्यांचा होता. घरात बाप्या नाही. काम घरातच चालतं, आग असते, ॲसिड असतं. 'मी दहाव्या वर्षी माहेरी असल्याच पाटावर बसलो. दोन महिन्यांसाठी म्हणून बसवलं आणि शाळा सुटली ती सुटलीच. पोरगी पाटावर बसली की तिचं काय जातंय हे मला कुणी सांगायला नको. पुन्हा या, न सांगता या.' खाली त्यांनी सावकाश सही केली. मी एक शब्द बदलायला गेले तर हातावर चापट बसली.

मॅडम न सांगताच आल्या. मी तिथं नव्हते, आक्कांनी नंतर सांगितलं. पाट मांडलेला, ज्योत चालू, आक्का घामाघूम, आणि कड्या जोडायच्या अर्ध्यावर सोडता येत नव्हत्या म्हणून मॅडमना दाराशी थांबायला लावलं. मग मॅडमनी दोन तास प्रश्न विचारले. पोरीने चोरी केली तर? मुदतीनंतर जावं लागलं तर? "रडंन," आक्का म्हणाल्या, "पण त्या भीतीनं आत्ता आणूच नको म्हंजे काय?" गादीखाली अन्न लपवलं तर? "डबा देईन झाकणाचा. मुंग्या लागत न्हाईत."

मॅडमनी अटी घातल्या. आग आणि ॲसिड पोरीच्या खोलीपासून वेगळं, मध्ये भिंत आणि कडीचं दार. पोरीला कामाला हात लावू देणार नाही असं लेखी. भेटी कधीही होतील. मी म्हटलं, "फ्लॅटवाल्यांना असल्या अटी होत्या का?" आक्का म्हणाल्या, "नसतील. त्यांच्या घरात आग न्हवती. माझ्या घरात हाय की. भिंत पायजेच." मी सरसकट चिडले होते, त्यांनी कशावर चिडायचं आणि कशावर नाही हे निवडलं होतं.

भिंत गल्लीने घातली. त्या इस्त्रीच्या शर्टवाल्या पाहुण्याला गवंडीकाम येत होतं हे तेव्हा कळलं.

मधल्या काळात मी जुनी पत्रकं खोलीतल्या गठ्ठ्यासकट रद्दीत दिली. नवीन लिहिताना फोटो घातला नाही. ते वाटायला राजारामपुरीतही गेले, पण आता कपड्यांची पिशवी पुढे आली की ती परत करते आणि म्हणते, "कपडे नकोत. तुमच्याकडे जागा आहे का, आणि चिकाटी आहे का, एवढं सांगा." रिक्षा स्टँडवर जाते, दूध डेअरीच्या रांगेत जाते, मशिदीबाहेर, मठाबाहेर, नर्सेसच्या खोल्यांवर जाते. भाड्याच्या घरात राहता? चालतं. शिक्षण कमी आहे? विचारा तरी. लग्न केलं नाही? अर्ज करा. तपासणी होईल आणि ती व्हायलाच हवी, पण 'हे आपल्यासाठी नाही' असं तुम्ही स्वतःच ठरवून दारातून परत जाऊ नका. तो निकाल द्यायचा अधिकार तुम्हाला नाही, आणि मला तर नव्हताच.

समितीचा आदेश आला. पोरगी हुपरीला गेली. पहिल्या मुदतीपुरती. पुढचं पुढे.

आता मी गोड काहीतरी लिहीन असं वाटत असेल तर तसं नाही. पहिला दीड महिना ती आक्कांना 'तुम्ही' म्हणायची आणि चप्पल उशाशी घेऊन झोपायची. शाळेत एकीला चावली. वहिनी म्हणाल्या, "बघ बाई, अजून येळ गेली न्हाय." आक्कांनी वहिनींशी चार दिवस बोलणं टाकलं.

परवा मी गेले तेव्हा दोघींचं कडाक्याचं भांडण चाललं होतं. कारण काय होतं ते दोघींनीही मला सांगितलं नाही. पोरीने दप्तरात कपडे कोंबले होते. दारात उभी राहून, लाल तोंडाने ओरडत होती, "मी जाते परत! आत्ताच्या आत्ता जाते! मला न्हाय राहायचं तुझ्याजवळ!"

आक्का पीठ मळत होत्या. मान वर केली नाही.

"जा की," म्हणाल्या. "पण सोमवारी गणिताचा पेपर हाय. तेवढा देऊन जा."

पोरगी तशीच उभी राहिली. माझ्याकडे बघितलं, मी भिंतीकडे बघितलं. मग तिने दप्तर उलटं केलं, कपडे जमिनीवर पडले, आणि खाली बसून ती गणिताची वही शोधायला लागली.

"पेन्सिल कुठं ठेवलीस गं माझी?" ती अजूनही ओरडतच होती.